पुसलेले ट्रक

मुलीच्या आईनं डबा बाईंच्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि ती बाजूला उभी राहिली. शाळा सुटून दहा मिनिटं झाली होती. वर्गात खडूचा, ओल्या मोज्यांचा आणि कुणीतरी बाकात विसरलेल्या केळ्याचा वास कोंडला होता. डब्यात पावाचे दोन जाड काप होते, उकडलेला बटाटा होता, मटार होते, आणि सोलून फोडी सुट्या केलेलं एक संत्रं होतं. कशालाही बोट लागलेलं नव्हतं. पावाच्या कडा तेवढ्या वाकल्या होत्या आणि फोडी वरून सुकल्या होत्या. मुलं डबा खात नाहीत ही तक्रार बाईंनी चोवीस वर्षांत इतक्यांदा ऐकली होती की तिच्यावरची तीन उत्तरं त्यांना तोंडपाठ होती, आणि त्यातलं पहिलं, आयांना हमखास पटणारं, ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "आज नववा दिवस आहे, बाई. मला आधी वाटलं पोट बिघडलं असेल. डॉक्टरकडे नेलं, त्यांनी जंताचं औषध दिलं. आणि काल तिनं आजीच्या हातातलं केळं काढून घेतलं. आजीला गोळीच्या आधी काहीतरी खावं लागतं ना. तर म्हणते कशी, आजी, तू हे खाल्लंस की बाबाला अजून लांब जावं लागेल."

केळ्याचा आणि बाबाचा संबंध बाईंना लागेना. मग आईनंच तो लावून दिला. मुलीचा बाप ट्रक चालवायचा, थंड पेटीचा ट्रक. फळं, भाज्या, कधी मासे, जे नासतं ते सगळं. पूर्वी आठवड्यात परत यायचा, आता कंपनीनं बंदरापर्यंतचा रस्ता दिला होता, आणि ह्या खेपेला एकोणीस दिवस झाले होते. आई स्वतः पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करत होती; बोलताना ती बोटांनी पदराची कड अशी सरळ करत होती, जणू तिच्यावरही टीप मारायची आहे. "तुम्ही शिकवलंत म्हणे, लांबचं खाल्लं नाही की ट्रक कमी होतात. म्हणून ती फक्त दूध पिते आणि कोबी खाते. कोबीला तुम्ही हिरवा दोरा लावला होता म्हणे." इथे तिला हसू आलं, थकलेलं, पण खरं. "नऊ दिवस कोबी, बाई. पडद्यांना वास बसलाय घरातल्या." मग हसू गेलं. "परवा तिला जिन्यात चक्कर आली. माझं नाही ऐकत ती. तुमचं ऐकते. तुम्हीच काहीतरी सांगा." ती भांडायला आली नव्हती, आणि बाईंना तेच जास्त लागलं. भांडणाऱ्या आईशी कसं बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं.

ती गेल्यावर बाई भिंतीवरच्या नकाशासमोर उभ्या राहिल्या. हा त्यांचा ठेवणीतला धडा. दर वर्षी दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला मुलं घरून फळांवरची चिकटलेली लेबलं, पिठाच्या पिशव्यांचे कोपरे, डब्यांवरचे कागद घेऊन यायची, आणि जिथून ते खाणं आलं तिथून आपल्या गावापर्यंत नकाशावर दोरा ताणायचा. जवळचं असेल तर हिरवा, लांबचं असेल तर लाल. चार दिवसांत नकाशा लाल दोऱ्यांनी असा भरून जायचा की समुद्र दिसेनासा व्हायचा. तपासणीला आलेले साहेब दर वेळी त्याच्यासमोर थबकायचे. दोऱ्यांशेजारी उभ्या असलेल्या बाईंचा एक फोटो मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर लावलेला होता, आणि त्याच्यावरून जाताना बाई आपण तिकडे पाहतच नाही असं दाखवायच्या. ह्या वर्षी त्यांनी धड्यात एक भर घातली होती. फळ्यावर रांगेनं तीस ट्रक काढले होते, प्रत्येकाच्या मागे काळ्या धुराचं भेंडोळं, आणि ज्यानं एक लांबचं खाणं सोडायचं कबूल केलं त्यानं पुढे येऊन एक ट्रक पुसायचा. मुलांना पुसायला काय, निमित्तच हवं असतं. पाऊण तासात फळा साफ. बाईंना त्या दिवशी घरी जाताना स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, आणि त्यांनी ते, बसचे दोन थांबे चालत जाऊन, पुरवून पुरवून उपभोगलं होतं.

त्या मुलीला बाई मनातल्या मनात टीपकागद म्हणायच्या. आठ वर्षांची, दुसऱ्या बाकावर, खिडकीकडून. काही सांगितलं की ते तिच्यात मुरलेलं दिसायचं. ती मान हलवायची नाही, हूं म्हणायची नाही, नुसती शोषून घ्यायची. असं मूल वर्गात असलं की शिकवणाऱ्याला बरं वाटतं, कुणीतरी आपलं सगळं जपून ठेवतंय असं वाटतं. टीपकागदावर अक्षरं उलटी उमटतात, हे मात्र बाईंच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आता त्यांना आठवत होतं की ती तीनदा ट्रक पुसायला आली होती. संत्रं सोडते, म्हणाली. मग बटाटा सोडते. मग केळं. चौथ्यांदा हात वर केला तेव्हा बाईंनी वर्गाला म्हटलं होतं, बघा, कशी समजूतदार आहे. आणि आणखी एक आठवत होतं, जे आठवायला नको होतं. पहिला ट्रक पुसण्याआधी ती फळ्यासमोर थांबली होती आणि तिनं विचारलं होतं, "बाई, ह्यात चालवणारा कुठाय?" बाईंनी मागे वळूनही न बघता म्हटलं होतं, "तो आपल्याला नको. आपल्याला धूर हवाय."

शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर किटलीतलं शेवटचं पाणी कपात ओतत होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय घरी जाववेना. सर विचारी माणूस, पण गणिताचा. दुःखसुद्धा ते आधी मांडून बघायचे. "अहो, सोपं आहे," ते म्हणाले. "तिनं त्रैराशिक उलटं मांडलंय. आपण सुलटं मांडून द्यायचं. तिला सांगा, तू खाल्लंस की माल संपतो. माल संपला की ट्रक रिकामा. ट्रक रिकामा झाला की बाबा घरी. उद्या डबा चाटूनपुसून खाईल की नाही बघा." बाईंना हे इतकं पटलं की त्या खुर्चीत मागे टेकल्या. खरंच की. साप मरतो आणि काठीही तुटत नाही. मुलगी जेवेल, आईचा जीव भांड्यात पडेल, धडाही मोडीत निघणार नाही. त्यांनी सरांचे आभार मानले, पर्स उचलली आणि त्या निघाल्या.

चौकात सिग्नलला एक ट्रक उभा होता. पांढरी पेटी, वर घरघरणारं यंत्र, दारांच्या फटीतून थेंब थेंब पाणी. बाईंनी असे ट्रक रोज पाहिले असतील, पण चालवणाऱ्याकडे आज पहिल्यांदा पाहिलं. मध्यम वयाचा माणूस, कोपर खिडकीवर, समोरच्या काचेवर दोरीला अडकवलेली एक लहान मुलाची चप्पल. तो जांभई देत होता. सिग्नल सुटला, तो गेला, आणि बाईंच्या नाकात धूर गेला. धूर खराच होता. खोकताना त्यांच्या मनात आलं की आपण जे शिकवलं ते काही खोटं नव्हतं, मग एक पोर नऊ दिवस उपाशी कशी राहिली? खरं सांगूनही असं होतं का? की खरं सांगताना आपण त्यातलं माणूस तेवढं काढून ठेवलं, कारण माणसासकट ते फळ्यावर मावत नव्हतं?

घरी आल्यावर त्यांनी दिवा न लावता ओट्यावरच्या परडीतलं एक नाशपती उचललं. देठाला धरून उचललं. बोटं सालीवर टेकू द्यायची नाहीत, टेकली की दुसऱ्या दिवशी तिथे डाग पडतो. ही सवय त्यांच्या बोटांना होती आणि ती कुठून आली हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेत त्या म्हणायच्या, आमची आई घरीच असायची. खरं म्हणजे आई गावाबाहेरच्या पत्र्याच्या लांब शेडमध्ये फळं निवडायला जायची. सरकत्या पट्ट्यावरून नाशपती येत राहायची, आई ती देठाला धरून उचलायची, फिरवून बघायची, पातळ कागदात गुंडाळून पेटीत निजवायची, आणि प्रत्येक पेटीवर शेडनं तिला दिलेला आकडा लिहिलेली चिठ्ठी लावायची. चौदा. चांगली फळं कुठेतरी लांब जायची, डागाळलेली घरी यायची, आणि हंगामाचे चार महिने आई अंधार पडल्यावर यायची. तिच्या हातांना मेणाचा वास असायचा. ती जेवतानाच पेंगायची. सात वर्षांच्या मुलीला एवढंच कळत होतं की आईला ती फळं नेतात. म्हणून एका दुपारी घराच्या पायरीवर बसून तिनं अगदी मनापासून मागणं मागितलं होतं की सगळी फळं एकदम नाहीशी होऊ देत.

आणि तिसऱ्या दिवशी गारा पडल्या. शेडच्या पत्र्यावर पडलेल्या गारांचा आवाज घरापर्यंत येत होता, आणि थांबल्यावर सगळ्या गावावर चुरगळलेल्या पानांचा हिरवा, कडवट वास पसरला होता. निवडायला फळंच उरली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आई घरी. मुलीला आधी वाटलं, जमलं. पण आई घरी होती म्हणजे खुर्चीत बसून होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि तिला नुसते सांभाळायला दिलेत. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. ताटातलं कमी झालं. बाबा काम शोधायला दुसरीकडे गेले. मुलगी आईच्या पायाशी बसून राहायची आणि तिला सांगायचं असायचं की हे मी केलं, पण ती सांगू शकली नाही; त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, आणि मग आई राहिली नाही. मोठेपणी बाईंना अर्थातच कळलं होतं की सात वर्षांच्या पोरीच्या मागण्यानं गारा पडत नाहीत. विज्ञानाच्या तासाला गारा कशा तयार होतात ते त्या आकृती काढून शिकवायच्या. पण कळणं वेगळं आणि सुटणं वेगळं. आकाश हिरवट काळं झालं की आजही त्या उगाचच खिडक्या बंद करत घरभर फिरायच्या.

नाशपती पुन्हा परडीत ठेवताना त्यांना सरांचं त्रैराशिक आठवलं, आणि ह्या वेळी ते पटलं नाही. तू खाल्लंस की बाबा येईल. उद्या ती खाईल, परवा खाईल, पोट फुटेस्तोवर खाईल. आणि बाप विसाव्या दिवशी आला नाही, पंचविसाव्या दिवशी आला नाही, रस्त्यात काही झालं, तर? मग ती म्हणेल, माझंच काही उरलं असेल ताटात. म्हणजे आधी तिच्या उपाशी राहण्यावर बापाला टांगलं होतं, ते आता तिच्या घासाघासावर टांगायचं. दोरा लाल काय नि हिरवा काय, दुसरं टोक त्या पोरीच्याच बोटाला. बाईंनी दिवा लावला. काय सांगायचं नाही ते आता कळलं होतं. काय सांगायचं ते कळलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, त्या तशाच शाळेत गेल्या.

मधल्या सुट्टीत बाकीची मुलं मैदानावर पळाली. टीपकागद जागची हलली नाही. डबा मांडीवर, झाकण बंद, दोन्ही हात झाकणावर. तिचा चेहरा नऊ दिवसांत लहान झाला होता आणि डोळे होते तेवढेच राहिले होते. हे आपल्याला रोज समोर असून दिसलं कसं नाही, ह्याची बाईंना लाज वाटली. त्या तिच्या शेजारच्या बाकावर बसल्या. बाक आठ वर्षांच्या मुलांचा, त्यामुळे गुडघे पार छातीशी आले.

"काल आई आली होती," बाई म्हणाल्या.

"माहितीये. तुम्ही रागावणार?"

"नाही. मी चुकले, ते सांगायला आलेय."

मुलीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मोठी माणसं चुकतात हे तिला ठाऊक असणार, पण ती येऊन सांगतात हे नवीन होतं. "दोरे चुकले?"

"दोरे बरोबर आहेत. धूरही खरा आहे. ट्रक पुसायला दिले, ते चुकलं. खरे ट्रक तसे पुसले जात नाहीत. आणि त्यात चालवणारा काढला नाही, तेही चुकलं."

"मी विचारलं होतं."

"हो. तू विचारलं होतंस."

बाहेर कुणीतरी कुणाला तरी आऊट दिलं होतं आणि त्यावर रण माजलं होतं. "मग मी संत्रं नाही खाल्लं तर बाबाचा ट्रक थांबत नाही?"

"नाही. तो रस्ता बंद झाला तर त्यांना दुसऱ्या रस्त्यावर पाठवतील."

"नऊ दिवस नाही खाल्लं तरी?"

"तरी."

"सगळ्या वर्गानं नाही खाल्लं तरी?"

"तरी नाही." एखाद्या लहान मुलाची घट्ट मिटलेली मूठ एकेक बोट उचलून उघडावी, तसं बाईंना वाटत होतं, आणि ते मुळीच चांगलं वाटत नव्हतं.

"आणि खाल्लं तर?" मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात आता एक बारीकशी चतुराई होती, सौदा करणाऱ्याची. "सगळं खाल्लं तर? लवकर येईल?"

गणिताचे सर जणू दारात येऊन उभे होते, मान डोलवत. एक हो म्हटलं की काम झालं. डबा उघडेल, ती खाईल, संध्याकाळी आई सुस्कारा टाकेल. बाईंच्या जिभेवर तो शब्द आला, त्याची चवसुद्धा लागली. "खाल्लं तरी नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या खाण्यानं बाबा लवकर येत नाहीत आणि उशिराही येत नाहीत. ते तुझ्या हातात नाही. तू काही केलंस म्हणून ते लांब गेलेले नाहीत."

मुलगी रडायला लागली. आवाज न करता, डबा घट्ट धरून. अशा रडण्यासाठी बाईंची तयारी नव्हती. त्यांना वाटलं होतं की तिचं ओझं उतरेल आणि तिला हलकं वाटेल. पण नऊ दिवस तिच्याकडे एक काम होतं. घरात एवढी मोठी माणसं असताना बाबाला परत आणायचं काम ती एकटी करत होती, पोटात कावळे ओरडत असताना करत होती, आणि ते काम आत्ता कुणीतरी तिच्याकडून काढून घेतलं होतं. बाईंना तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. मग त्या बोलायला लागल्या आणि बोलतायत हे त्यांचं त्यांनाच उशिरा कळलं. त्यांनी शेड सांगितली, चौदा हा आकडा सांगितला, पायरीवर बसून मागितलेलं मागणं सांगितलं, गारा सांगितल्या. आईचे उताणे हात तेवढे सांगितले नाहीत. मुलगी नाक पुसायचं विसरून ऐकत होती, आणि नेहमीसारखी सगळं शोषून घेत होती.

"मग त्या गारा तुम्ही नव्हत्या पाडल्या?"

"नाही," बाई म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांनी मोठ्यानं कधी उच्चारला नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं. तो वर्गात ऐकू आला, आणि त्यांच्या छातीत एका जागी, जिथे काही धरून ठेवलंय हेही त्या विसरल्या होत्या, तिथे सैल पडलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःचं नाक बाहीला पुसलं आणि जरा सरकून बाईंना बाकावर जास्त जागा करून दिली.

"मग मी काय करू?" तिनं विचारलं. तक्रार नव्हती ती. तिला खरंच काम हवं होतं.

"वाट बघ."

"ती तर बघतेच."

"मग जेवता जेवता बघ."

मुलीनं ह्याच्यावर बराच विचार केला. मैदानावरचं रण एव्हाना मिटलं होतं आणि चेंडूचे टप्पे ऐकू येत होते. तिनं झाकण उघडलं. आईनं आज बटाटा चेचून त्यात मटार घातले होते आणि त्याचा बेतानं, न सांडेल असा गोळा केला होता. मुलीनं एक घास तोडला, तोंडात घातला, आणि तो संपूर्ण चावून होईपर्यंत बाईंनी श्वास रोखून धरला. घास गिळला गेला. दुसरा घास आधीपेक्षा मोठा होता. तिसऱ्याला तिनं पावाचा काप मोडला आणि दोन्ही गाल भरले.

"मीठ कमी आहे," ती भरल्या तोंडानं म्हणाली. मग चावता चावता थांबली. तिची नजर बाईंच्या खांद्यावरून मागे भिंतीवर, नकाशावर गेली. "बाई, मीठ कुठून येतं?"

बाईंचा हात सवयीनं दोऱ्याच्या रिळाकडे निघालाच होता. त्यांनी तो आवरला आणि मांडीवर ठेवला.

"आधी जेव," त्या म्हणाल्या.